वापरलेल्या पट्ट्या

अब्बा, दिवाळीच्या सुट्टीत हैदराबादच्या एका फार महागड्या दुकानात विक्रेत्या मुलीने अत्तर लावलेली कागदाची पट्टी माझ्या हातात दिली आणि मी ती नाकाशी न नेता सरळ कानात खोचली. तुमची नात शेजारीच उभी होती. "अम्मी!" एवढंच म्हणाली, पण अशी म्हणाली की आजूबाजूची चार डोकी वळली. तुम्ही असता तर तुम्हाला त्यात काही चुकलंय असं वाटलंच नसतं. अत्तर मिळालं की कानात ठेवायचं, ही तुमच्या घरची रीत. ती माझ्या हातात अजून शिल्लक आहे हे मलाही त्या दिवशीच कळलं.

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसले तीही एक कबुली द्यायची आहे म्हणून. मराठीत लिहितेय, कारण उर्दू तुम्हाला वाचता येत नव्हती आणि मला येते ती जेमतेम. तुमची मराठी तरी काय, एसटीच्या पाट्या वाचण्यापुरती. पण माझ्या शाळेच्या वह्या तुम्ही रोज उघडून पाहायचात, एकेक पान उलटायचात आणि शेवटी "अक्षर गोल हाय" म्हणून परत द्यायचात. आता मी बाभुळगावच्या शाळेत मराठी शिकवते. यवतमाळहून रोज एसटीने जाते, तुम्ही ज्या रस्त्याने अत्तराची पेटी मांडीवर घेऊन बाजाराला जायचात त्याच रस्त्याने. रिटायर व्हायला थोडंच राहिलंय आणि पोरांची अक्षरं काही गोल होत नाहीत.

अम्मी आहे. ऐंशी ओलांडली. गुडघे गेले, एक कान गेला, आणि दोनेक वर्षांपासून आठवणही जायला लागली आहे. मला कधी मुलगी समजते, कधी तिची बोरीची बहीण समजते आणि गाईची धार काढली का म्हणून विचारते. नाक तेवढं शाबूत आहे. दूध उतू जायच्या आधी तिला खाटेवर पडल्या पडल्या कळतं. तुम्ही गेल्यावर तिने तुमच्या सगळ्या वस्तू वाटून टाकल्या, तुम्हाला ठाऊक असेलच. पेटी तुमच्या भाच्याला दिली, सायकल मशिदीजवळच्या पंक्चरवाल्याला. फक्त तुमचं तपकिरी जाकीट तिने पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलं. दर शुक्रवारी नमाज झाली की ट्रंक उघडायची, जाकीट काढून तोंडाशी धरायची, पुन्हा घडी घालून ठेवायची. बाकी सगळं विसरत गेली तरी हे विसरली नाही. शुक्रवार कोणता हे विसरली, म्हणून मग रोजच उघडायला लागली.

ते जाकीट मी धुतलं, अब्बा.

गेल्या ईदच्या आधी घराला रंग दिला. सगळं सामान अंगणात काढलेलं, ट्रंकेत कसर लागलेली, अम्मी शेजारच्या घरी बसलेली. मी कपड्यांचा ढीग घेतला आणि साबणाच्या गरम पाण्यात बुडवला. तुम्हाला माहीत आहे मी कशी आहे, एकदा आवरायला लागले की माणूससुद्धा झटकून ठेवीन. जाकिटाच्या खिशात हात घातला तर कापसाचे काळपट, चपटे झालेले गोळे निघाले. मूठभर. मी ते केरात टाकले. मला वाटलं, तुमच्या शेवटच्या आजारात कान पुसायला वापरलेला कापूस असेल. जाकीट छान निघालं. उन्हात वाळवलं, इस्त्री करून, डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवलं आणि मनात स्वतःची पाठही थोपटली.

दुसऱ्या दिवशी अम्मीने ट्रंक उघडली. जाकीट तोंडाशी नेलं, खाली घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, पुन्हा नेलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे कोणाचं हाय?"

"अब्बाचं ना, अम्मी."

"नाई," ती म्हणाली. "हे त्यायचं नाई. कोणाचं आणून ठेवलं तू? देऊन टाक ज्याचं त्याले."

तेव्हापासून रोज ती ट्रंक उघडायची, रोज ते जाकीट हुंगायची आणि रोज मला तेच विचारायची. मी म्हणायचे, जुनं झालं, वास उडाला असेल. धुतलं असं एकदाही म्हटलं नाही. साठीला टेकलेली बाई, वर्गात पोरांना खरं बोलायला शिकवते, आणि घरी स्वतःच्या आईशी असं खोटं. पुढे पुढे मला दुसरीच धास्ती बसली. ती जाकीट विसरली तर तुम्हालाही विसरणार, आणि मग तिला तुमच्याकडे नेणारं काही उरणार नाही. ते माझ्याच हाताने झालेलं असणार.

तुमचा वास कोणता होता, हेच मला सांगता येईना. लहानपणी तुम्ही बोरी अरबच्या किंवा बाभुळगावच्या बाजारातून यायचात तेव्हा तो तुमच्या आधी ओसरीवर यायचा. गुलाबाचा नाही, खसचा नाही, हिनाचाही नाही. मी विचारायचे, अब्बा, तुम्ही कोणतं अत्तर लावता? तुम्ही म्हणायचात, "घरचं." मला वाटायचं, पेटीच्या तळाशी एखादी खास कुपी तुम्ही स्वतःसाठी लपवून ठेवली आहे. एकदा तुम्ही नमाजला गेल्यावर मी पेटी उघडून एकेक बूच काढून नाकाला लावत बसले होते, तेव्हा तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. तुम्ही मला कधी मारलं नाही, रागावलात तेही फार तर दोन-तीनदा, त्यातलं हे एक. "बाटली नाकाले लावाची नसते, बेटा," तुम्ही म्हणालात. "नाक मरते त्यानं. वासाले आपल्याजवळ येऊ द्या लागते." मग तुम्ही मला समोर बसवून सगळं नीट दाखवलंत. बुचाला जोडलेली काचेची काडी बाहेर काढायची, गिऱ्हाइकाच्या मनगटाच्या मागच्या बाजूला टेकवायची, आणि परत कुपीत घालायच्या आधी कापसाच्या बोळ्याने पुसून घ्यायची. नाही पुसली तर माणसाच्या अंगचा घाम आत जातो आणि सगळा माल बिघडतो. दिवसभराला एकच बोळा. तो तुम्ही डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून ठेवायचात आणि त्याला फाया म्हणायचात. हे सगळं मी शंभर वेळा पाहिलं आणि शंभर वेळा काहीही समजले नाही.

आणि अम्मी. संध्याकाळी ती चुलीपुढे बसलेली असायची, तुमच्याकडे पाठ करून. तुम्ही चपला काढून आत यायचात, तिने मान वळवलेली नसायची, आणि ती म्हणायची, "आज बाजार बरा झाला वाटते." किंवा नुसतंच, "होते कधी कधी असं. हातपाय धुवा." ती कधीच चुकायची नाही. मला वाटायचं, तुमच्या पायांच्या आवाजावरून तिला कळतं. मी तुमचे पाय ऐकायची सवय केली होती, पण मला कधी जमलं नाही.

आता जे लिहिते ते तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक आहे हे मलाही ठाऊक आहे, पण आपण दोघांनी त्यावर कधी शब्द काढला नाही. सहावीत असताना तुम्ही मला तुमची जुनी लहान पेटी कंपासपेटी म्हणून दिली होती. आतले कुप्यांचे खण तोडून, पॉलिश कागदाने घासून, झाकणाला नवी बिजागरी लावून. मला ती फार आवडली. दुसऱ्या दिवशी वर्गात उघडली आणि तीन बाकांवर वास गेला. मुलींनी मला अत्तरवाली नाव ठेवलं. माझं पुस्तक कोणी घेतलं की नाक धरून, ओढणी तोंडाला लावून परत करायच्या. मी ती पेटी घरी कोनाड्यात ठेवली आणि तुम्हाला सांगितलं, बाईंनी पत्र्याचीच आणायला सांगितलीय. तुम्ही दुसऱ्या दिवशी पत्र्याची आणून दिलीत. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण निबंधाचं बक्षीस मिळायचं होतं त्या दिवशी वडिलांना बोलावलं होतं, आणि आदल्या दिवशी जेवताना मी तुम्हाला म्हटलं, "अब्बा, तुम्ही ते कानातलं काढून या ना. मुली हसतात." तुम्ही घास चावत होता. चावून झाला, पाणी प्यायलात आणि म्हणालात, "बरं."

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून तुमची वाट पाहतेय. तुम्ही रस्त्यापलीकडच्या हापशावर थांबता. कानातून फाया काढता, जाकिटाच्या खिशात ठेवता. मग हापसा मारून एका हाताने कान धुता, मागून पुढून, रगडून. गेटमधून येता तेव्हा तुमचा एक कान आणि त्या बाजूची दाढी ओली आहे आणि कॉलरवर पाणी ओघळलंय. एक मुलगी विचारते, तुझे बाबा बाहेर पाऊस नसताना भिजले कसे? मी हसते. मी हसले होते, अब्बा. त्यानंतर माझ्या शाळेच्या गेटमधून तुम्ही जितक्या वेळा आलात, तितक्या वेळा कान ओला होता. कॉलेजच्या अॅडमिशनला आलात तेव्हासुद्धा, आणि तेव्हा मी काही म्हटलंही नव्हतं.

तर तुमची नात. ती हैदराबादला एका कंपनीत आहे, दोन वर्षं झाली. मी दरवेळी गेले की चारमिनार पाहून परत येते याचा तिला राग. या वेळी तिने बजावलं होतं, "अम्मी, एक दिवस तुझा, एक दिवस माझा. माझ्या दिवशी मी नेईन तिथे यायचं, आणि मी देईन ते एक काहीतरी घ्यायचं." तुमचे जावई अम्मीजवळ राहतो म्हणाले. मी निघाले, पण माझ्या पोटात दुसरंच होतं. तुमचा वास हैदराबादेत मिळेल असं मला वाटत होतं, कारण तुम्ही माल तिथूनच आणायचात. पांढरकवड्यावरून हैदराबादची गाडी पकडायचात आणि तिसऱ्या दिवशी परत यायचात, बांगड्यांच्या एका पुडक्यासह.

माझ्या दिवशी मी चारमिनारच्या आसपासची अत्तराची दुकानं पालथी घातली. दुकानदार भले होते. विचारायचे, मीठा चाहिए, ठंडा चाहिए, के गरम? मला काही सांगता येईना. मी म्हणे, बाजारातून घरी आलेल्या माणसाचा वास. एका म्हाताऱ्या दुकानदाराने माझ्या दोन्ही मनगटांवर, मग कोपरांपर्यंत काड्या टेकवल्या आणि शेवटी हात जोडले. त्यातला प्रत्येक वास मला ओळखीचा होता आणि एकही तुमचा नव्हता. परतताना रिक्षात मी दोन्ही हात हुंगत बसले. नात म्हणाली, दमलीस. मी हो म्हटलं.

दुसरा दिवस तिचा. अब्बा, तुम्ही आयुष्यभर बाजार केलात, पण असा बाजार तुम्ही पाहिला नाही. बंजारा हिल्सच्या चढावर जुन्या बंगल्यांची दुकानं केलीत. एका बंगल्यात शिरलो तर सबंध दिवाणखान्यात एकच साडी टांगलेली, तिच्यावर वरून दिवा. मी विक्रेत्याला विचारलं, "बाकी माल कुठाय?" नातीने माझ्या दंडाला चिमटा काढला. बोरीच्या बाजारात माल जितका रचलेला तितकं दुकान मोठं, इथे जितका कमी तितकं मोठं. दुसरीकडे मोती. आम्हाला बसवून बदाम घातलेलं दूध दिलं, एका पोराने पांढरे हातमोजे घातले, मखमलीच्या तबकात एक सर आणून ठेवला आणि तो मागे सरून उभा राहिला. किंमत कुठे लिहिलेली नव्हती आणि विचारायची पद्धत नाही, असं नात कुजबुजली. एका जुन्या नवाबी हवेलीत कारंज्याभोवती दुकानं होती. जोडे काचेच्या कपाटात ठेवलेले, आणि गिऱ्हाईक म्हणून आम्ही दोघीच. तुम्ही असता तर माल पाहिलाच नसता. दारावरच्या माणसाला सलाम करून त्याचं गाव विचारत बसला असता आणि आम्हाला तुम्हाला शोधायला बाहेर यावं लागलं असतं. मी मात्र प्रत्येक ठिकाणी काहीतरी खोट काढत होते. हे भडक, ते पातळ, याला धुवायचं कसं. नातीचं तोंड उतरत चाललेलं मला दिसत होतं. तिला मला काहीतरी द्यायचं होतं आणि मी घेत नव्हते. तुम्ही मला पेटी दिली होती तेव्हा तुमचं तोंड कसं होतं ते मला आठवत नाही, आणि त्याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

शेवटी एका मोठ्या मॉलमध्ये गेलो. सगळी परदेशी दुकानं, फरशी इतकी गुळगुळीत की मी भिंतीच्या कडेने चालले. तिथे एक नुसतं अत्तरांचं दुकान. काळ्या कोटातली बारीकशी मुलगी पुढे आली. ती एकेक बाटली उचलायची, कागदाच्या लांबट पट्टीवर फवारा मारायची, पट्टी हवेत हलवायची आणि माझ्यापुढे धरायची. पहिलीच पट्टी हातात आली आणि माझा हात कानाकडे गेला. नातीचा "अम्मी!" तेव्हाचा. मी तिच्याकडे पाहिलं. ती आधी दुकानात कोण कोण पाहतंय ते पाहत होती आणि मग माझ्याकडे. ती नजर मी ओळखली. शाळेच्या व्हरांड्यात मी उभी होते तेव्हा ती माझी होती. मला तिचा राग आला नाही. विक्रेती मुलगी मात्र खुदकन हसली. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "मेरे नाना भी ऐसाइच रखते थे, आंटी. कान में." मग तिने मला दुसरी पट्टी दिली, तिसरी दिली, आणि पूर्वीची पट्टी कानातून काढायला काही सांगितलं नाही.

अकरा झाल्या. एकही मला नको होती. ती मुलगी काउंटरवरच्या पट्ट्या गोळा करायला लागली. डाव्या हाताच्या दोन बोटांत एकावर एक धरून, टाकून द्यायला. ती माझ्यासमोरून गेली आणि सगळे वास एकदम माझ्या नाकाशी आले. ओसरी. तुमच्या चपला. चुलीचा धूर. मी "थांब" म्हटलं ते मराठीतच म्हटलं. तुमच्याकडे खास कुपी नव्हतीच, अब्बा. माल गिऱ्हाइकाचा, त्यातला थेंबही तुम्ही कधी स्वतःला लावला नाही. दिवसभर काड्या पुसलेला तो फाया, गुलाब, खस, हिना, केवडा सगळं प्यायलेला, तोच बाजार उठल्यावर तुम्ही कानात ठेवायचात आणि घरी यायचात. आणि जाकिटाच्या खिशात निघालेला तो मूठभर काळपट कापूस कसला होता, तेही मला त्याच क्षणी कळलं.

"मला या द्याल?" मी त्या मुलीला विचारलं. "वापरलेल्या?"

"अम्मी, कचरा आहे तो," नात म्हणाली. "तुला आवडलंय त्याची बाटली घेऊ ना."

"तू म्हणालीस ना एक काहीतरी घे. मला हेच पाहिजे."

त्या मुलीने पट्ट्या पातळ कागदात गुंडाळल्या, जाड कागदाच्या पिशवीत ठेवल्या, पिशवीला रेशमी फीत बांधली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. दारावरच्या माणसाने पिशवी उघडायला लावली. आत कचरा पाहून त्याने माझ्याकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं आणि अदबीने दार उघडलं. बाहेरच्या बाकावर बसून मी नातीला जाकिटाचं सगळं सांगितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणाला तरी. ती फितीशी खेळत राहिली. मग म्हणाली, "आणि मी तुला सगळ्यांसमोर अम्मी अम्मी करत होते." मी म्हटलं, "करायचंच. मीही केलं होतं." काय केलं होतं, ते मात्र तिला सांगितलं नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेतून परतताना एसटी बाभुळगावच्या अलीकडे जिनिंगच्या फाटकापाशी थांबली. कापसाच्या गाड्या उभ्या होत्या आणि कडेच्या बाभळीच्या काट्यांना कापूस अडकलेला होता. तुम्हीही फायासाठी कापूस तिथलाच घ्यायचात, दुकानातला कधी विकत घेतला नाही. मी कंडक्टरला म्हटलं, एक मिनिट. खाली उतरून ओंजळभर कापूस काढला. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, हे कायले पाह्यजे तुमाले? वाती कराच्या काय?" मी म्हटलं, "हो, तसंच काहीतरी." घरी येऊन पट्ट्या कापसात दाबून डब्यात ठेवल्या. दोन दिवसांनी दुपारी अम्मी न्हाणीत असताना त्याचे चपटे गोळे केले आणि जाकिटाच्या खिशात घातले. डांबराच्या गोळ्या काढून फेकल्या. मग तांदूळ निवडत बसले, पण एकही खडा मला दिसत नव्हता.

अम्मी आली. केस पुसले, खाटेवर बसली, बऱ्याच वेळाने उठून ट्रंक उघडली. जाकीट घेतलं. तोंडाशी नेलं. खाली घेतलं नाही. मला वाटलं, हिला कळणार. हा सगळा साहेबी माल, यात ना खस ना केवडा, हिचं नाक अजून तिखट आहे. तिने डोळे मिटले होते. पाठ माझ्याकडे होती, चुलीपुढे असायची तशीच.

"आज बाजार बरा झाला वाटते," अम्मी म्हणाली.

तांदळाचं ताट माझ्या मांडीवरून घसरलं. तिला तुमच्या पायांवरून कधीच कळत नव्हतं. किती कुप्या उघडल्या, किती काड्या पुसल्या, ते तिला तुम्ही दारात येताच वासावरून कळायचं, आणि तुम्हाला सांगावं लागायचं नाही. तुमच्यावर काही वाईट दिवस आले असतील तेव्हा तुम्हालाही तेच हवं असेल, की कोणी विचारू नये. अकरा बाटल्या, त्याही परदेशी. बाजार बरा झालेलाच होता.

"चहा ठेव," ती म्हणाली. "हातपाय धुऊन येतीनच ते."

मी चहा ठेवला. किती कप ठेवायचा ते मला कळेना, म्हणून पातेलं भरून ठेवला आणि ओट्याला धरून रडले.

या गोष्टीला तीन आठवडे झाले. आता मी आठवडी बाजारातल्या तुमच्या भाच्याकडे जाते. तो तुमच्याच पेटीवर बसतो. संध्याकाळी त्याचा दिवसभराचा फाया मागून आणते आणि जुना काढून नवा खिशात ठेवते. अम्मी कधी म्हणते बरा झाला, कधी म्हणते होते कधी कधी असं. मी भाच्याला विचारून पाहिलं. ती अजून चुकत नाही. जाकीट मी धुतलं होतं, हे तिला सांगितलेलं नाही. सांगून काय, तिच्या लेखी ते कोणी धुतलंच नाही. तुम्हाला सांगितलं.

अजून एक सांगायचं राहिलं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. त्या पट्ट्यांतली एक मी स्वतःसाठी ठेवली होती. सोमवारी सकाळी ती दुमडून कानात खोचली, पदर सारखा केला आणि एसटीत बसले. ठरवलं होतं की तशीच वर्गात जाईन. पोरं हसली तर हसू देत, मी त्यांना सांगेन माझे वडील कोण होते. बाभुळगावला उतरले, शाळेपर्यंत चालत गेले. गेट दिसलं, आत मुली उभ्या होत्या, आणि माझा हात वर गेला. मी पट्टी काढली आणि पर्समध्ये ठेवली, अब्बा.